दिसला म्हणा

पुंडलिकनगर
५ नोव्हेंबर २०२४

गोकुळ,

वर काय लिहावं यातच बराच वेळ गेला. 'प्रिय' लिहिलं तर तुमच्या आई भुवया उडवतील, 'श्री.' लिहिलं तर वीजबिल आल्यासारखं वाटेल. म्हणून नुसतं नाव. लग्नाला नऊ वर्षं झाली, एकदाही नावानं हाक मारली नाही. आता कागदावर मारते.

कोर्टात त्या दिवशी तुम्ही चहाला बाहेर गेलात तेव्हा समुपदेशक मॅडम मला म्हणाल्या, "बोलता येत नसेल तर लिहा. समोरच्याला काहीच माहीत नाही असं समजून लिहा. नाही पाठवलं तरी चालेल." मी पाठवणार आहे. फोनवर तुम्ही 'हं' म्हणता, आणि 'हं'ला काय उत्तर द्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तर समजा, तुम्हाला काहीच माहीत नाही. मी करुणा. उस्मानपुऱ्यात एका टायपिंगच्या दुकानात बसते. लोकांचे अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं टाईप करते. आपला घटस्फोटाचा अर्जही मीच टाईप केला. साचा तयार असतो, फक्त नावं बदलायची. 'उभयतांचे स्वभाव न जुळल्याने एकत्र राहणे अशक्य झाले आहे.' आपला करताना बोटं कुठं अडली नाहीत. शेजारच्या खुर्चीवरची राजनंदिनी रडायला लागली, तर मीच तिला पाणी दिलं. कोर्टानं सहा महिने थांबायला सांगितलंय. एकवीस एप्रिलला साहेब विचारतील, राजीखुशीनं का? दोघांनी हो म्हणायचं, की संपलं.

खरं कारण अर्जात नाही. साच्यात त्याला जागा नव्हती. गेल्या वर्षीच्या श्रावणात आपल्याला मुलगी झाली, ती पोटातच गेलेली होती. मला दाखवली नाही. आई म्हणाली, "बघू नको बाई, डोळ्यापुढून हलायची नाय." तुमचे मामा म्हणाले, आईनं बघायचं नसतं. तुम्ही आणि मामा तिला मामांच्या रानात ठेवायला घेऊन गेलात. परत आलात तेव्हा मी विचारलं, पाहिली का? तुम्ही म्हणालात, पाहिली. कशी होती? चांगली होती. चांगली म्हणजे कशी? त्याच्यापुढं तुम्ही कधी गेला नाहीत. मी विचारत राहिले. डबा भरताना, जेवताना, तुम्ही बूट घालत असताना. मग तुम्ही घरात बोलायचे थांबलात आणि होळीनंतर फुलंब्रीला आईंकडं राहायला गेलात. तिथून कंपनीची बस सोयीची पडते, असं कारण सांगितलंत. बस आपल्या कोपऱ्यावरही थांबते.

मला भांडायचं नाही. भांडायला जे लागतं ते माझ्यात शोधूनही सापडत नाही. मीठ कमी पडलं की जास्त, तेसुद्धा हल्ली कळत नाही. मला एकच गोष्ट पाहिजे: ती कशी दिसत होती, ते सांगा. मामांना एकदा विचारलं होतं, त्यांनी विषय उसावर नेला. म्हणजे तुम्हीच उरलात. एकवीस एप्रिलनंतर मी तुमची कुणी नसेन, मग विचारायचा हक्कही राहणार नाही. म्हणून त्याआधी. भांडी, गॅस, घराचं डिपॉझिट, कशाबद्दलही माझं काही म्हणणं नाही.

दिवाळीची साफसफाई म्हणून माळा काढला. कॅमेरा सापडला. सातव्या महिन्यात तुम्ही आणला होता, पहिल्या दिवसापासून फोटो काढू म्हणून. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. त्याच्यामागं माझ्या रुखवतातले दोन सागवानी पाट, ज्यांच्यावर बसून आपलं लग्न लागलं. मी खोकं उघडलं. मला काही झालं नाही. खाली बसून माहितीपुस्तिका वाचली.

करुणा


१७ डिसेंबर २०२४

गोकुळ,

तुमचं उत्तर आलं नाही. पोस्टाला दोष देत नाही, फुलंब्री काही लंडन नाही.

माझं काय चाललंय ते लिहिते. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे भातुकली, तो उरकला की करण्यासारखं काही नसतं. म्हणून कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले. फोटो काढावा असं माणूस कुणी नव्हतं, तेव्हा चांदण्यांचे काढले. आधी नुसतं काळं आलं. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तेव्हा चांदण्या आल्या, पण ठिपके नाहीत, शेवया. कारण पृथ्वी फिरते. शाळेत शिकले होते, मार्कही मिळाले होते, पण विश्वास आत्ता बसला.

यावर उपाय आहे. कॅमेरा चांदण्यांच्या वेगानं वळवत राहणारं यंत्र मिळतं, आणि ते घरीही करता येतं. दोन फळ्या एका कडेला बिजागरीनं जोडायच्या. खालची स्थिर, वरच्या फळीवर कॅमेरा. खालच्या फळीतून एक लांब बोल्ट वर येतो, तो मिनिटाला एक वेढा अशा चालीनं हातानं फिरवत बसायचं. वरची फळी वहीच्या पुठ्ठ्यासारखी हळूहळू उघडत जाते, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्यापुरतं आभाळ थांबतं. एकच अट, बिजागरीचा रोख बरोबर ध्रुवताऱ्याकडं पाहिजे. सगळं आभाळ त्याच्याभोवती फिरतं ना.

दोन फळ्या कुठून आणल्या ते तुम्ही ओळखलं असेल.

आमच्या दुकानाला लागून निजामुद्दीन चाचांचं हार्डवेअर आहे. आपल्या दाराची कडी तुम्ही तिथूनच आणली होती. मी पिशवीतून पाट काढले तर चाचा हातच लावेनात.

"ह्याच्यावर बसून शादी झाली ना तुझी?"

"झाली."

"मंग मी पाय नाय कापनार ह्याचे. बिजागरी घे, बोल्ट घे, चाय पी. कापायचं सांगू नको."

"आरी द्या, मी कापते."

"आरी देतो. पन बघनार नाय मी."

आणि खरंच रस्त्याकडं तोंड करून बसले. वरच्या पाटाचे चारही पाय मी कापले. सागवान लवकर हार मानत नाही. कापताना काहीतरी वाटेल अशी माझी तयारी होती, पण नुसते दंड दुखले.

भोकावरून मात्र आमचं वाजलं. बोल्ट बिजागरीपासून वीतभर अंतरावर पाहिजे, तरच फळी आभाळाच्या चालीनं उघडते. चाचांनी आपला पंजा पसरून खूण केली. त्यांचा पंजा म्हणजे सूप. मी म्हणाले, माझी वीत धरा. ते म्हणाले, "तुझी धरू का माझी धरू? आसमान कुनाच्या वितीनं चालतंय ते सांग आधी." शेवटी पट्टी काढून नऊ इंच मोजले, तर दोघांच्याही खुणा चुकलेल्या. चाचांनी पट्टीलाच दोन शिव्या घातल्या.

बिजागरीच्या कडेला शहाळ्याची नळी चिकटवली. नळीतून ध्रुव दिसला की रोख बरोबर. ध्रुव शोधावा लागला नाही, तो आपल्याला दोघांना भटजींनी दाखवलेला आहे. गच्चीवरून समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीवर दिसतो, चांगला ठळक. पाटाखाली विटा रचून रोख धरला आणि फोटो काढला. शेवया आखूड झाल्या, पण गेल्या नाहीत. कुठं चुकतंय ते कळत नाही.

आणि माझा प्रश्न तिथंच आहे.

करुणा


१४ जानेवारी २०२५

गोकुळ,

संक्रांत आहे. तिळगूळ पाकिटात चिकटतो म्हणून पाठवत नाही. गोड बोला असं तुम्हाला म्हणत नाही, नुसतं बोललात तरी चालेल.

हळदीकुंकवाचं बोलावणं यंदा एकच आलं, तळमजल्यावरच्या सायलीचं. बाकीच्यांची अडचण मला समजते. मी आता नक्की कोण, हे त्यांना ठरवता येत नाही. सायलीकडं एका बाईनं विचारलं, "मूलबाळ?" सायलीनं पटकन तिच्या हातात वाण दिलं. मी म्हणाले, एक मुलगी होती. माझा आवाज सरळ होता. बाईचाच हलला.

फोटो अजून तसेच. चाचांचं मत पडलं की बोल्टाच्या आट्यांत खोट आहे. दुसरा दिला. मग म्हणाले बिजागरीच ढिली, तीही बदलली. आता ते रोज सकाळी शटर वर करतानाच ओरडून विचारतात, "रुकला का आसमान?" आणि मी मान हलवते. आजूबाजूच्या दुकानदारांना वाटतं आमच्यात काहीतरी गुप्त व्यवहार चाललाय.

गच्चीवर विटा लावता लावता परवा लग्न आठवलं. तुम्हाला माहीत नाही असं समजून लिहिते. सिल्लोडचं मंगल कार्यालय, मे महिना, जनरेटरची धडधड. सप्तपदी झाल्यावर भटजींनी आपल्याला अंगणात आणलं, हात वर केला आणि म्हणाले, "तो बघा ध्रुव. त्याच्यासारखे अढळ राहा. दिसला का?" मी शोधतच होते, तर म्हणाले, "दिसला म्हणा, दिसला म्हणायचं असतं. पंगत खोळंबलीय." तुम्ही लगेच म्हणालात, दिसला. मग मीही म्हणाले. माझ्यासमोर गेटच्या कमानीवर एक ठळक तारा होता. तोच असणार असं मी धरलं.

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुमची दुसरी पाळी असली की मी गच्चीवर जाऊन त्याला बघून यायची. मला बरं वाटायचं. तुम्ही कंपनीत, मी इथं, पण दोघांनी एकदम पाहिलेली एक वस्तू तिथं आहे, असं वाटायचं. कधी कधी तो दिसायचा नाही. ढग असतील असं मी समजायचे.

ते बरं वाटणं आता आठवतं, वाटत नाही.

करुणा


२७ फेब्रुवारी २०२५

गोकुळ,

ध्रुव सरकला.

खोटं सांगत नाही. महिनाभर दुकानात कामाची गर्दी होती, गच्चीवर जाणं झालं नाही. काल गेले, पाट मांडला, टाकीवर बघितलं तर तिथं कुणी नाही. मान वर केली, तर माझा ठळक तारा पार डोक्याजवळ जाऊन बसलेला. अढळपद मिळालेला असा फिरत नसतो. म्हणजे तो ध्रुव नाही. मी दोन महिने विटांवर विटा रचून यंत्राचं तोंड भलत्याच ताऱ्याकडं धरलं होतं, आणि चाचा बिचारे बोल्ट बदलत होते.

मग रीतसर शोधलं. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पुढं वाढवली, मोबाईलवर उत्तर दिशा लावली. दोन्ही जिथं मिळाले तिथं मोबाईलच्या टॉवरशेजारी एक फिकट ठिपका होता. एवढा फिकट की सरळ बघितलं तर हरवतो. मला आधी पटेना. एवढं मोठं तप केलेलं पोर, देवानं मांडीवर घेतलेलं, ते सगळ्यांत ठळक असणार असंच आपण धरून चालतो. पण तोच होता. जेवून येऊन पुन्हा बघितलं, जागचा हलला नव्हता.

भटजींनी दाखवलेल्याचं नाव ब्रह्महृदय. चांगला तारा आहे, पण चारचौघांसारखा उगवतो आणि मावळतो.

मला हसू आलं. भटजींचा राग नाही आला, त्यांच्यामागं पंगत होती. राग येईल अशी वाट बघत बसले होते, तेवढ्यात तुमची आठवण आली. तुम्ही माझ्याआधी म्हणाला होतात, दिसला. तुम्ही क्वालिटीतले, सुताएवढा फरक पकडून माल परत पाठवता. तुम्हाला त्या दिवशी काय दिसलं होतं? माझाच तारा, की तिसराच कुठला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही तर याचं द्या. हा सोपा आहे. तारीख जवळ येतेय, कुठूनतरी सुरुवात करा.

करुणा


३० मार्च २०२५, पाडवा

गोकुळ,

काल तुम्ही आलात. तुम्ही तिथंच होतात तरी लिहिते, कारण काल आपण दोघंही धड नव्हतो. नंतर कुणी म्हणायला नको की असं नव्हतंच झालं.

तुम्ही गुढीचा तांब्या न्यायला आलात. घराण्याचा आहे, असा आईंचा निरोप. मी गच्चीवर होते, उजेड आहे तोवर विटा काढून पाट नीट लावून घ्यावा म्हणून. खरा ध्रुव खाली आहे, त्याला एवढी उंची लागत नाही. तुम्ही वर आलात आणि कशी आहेस वगैरे काही नाही, पाटाकडंच बघत राहिलात.

"ह्याचे पाय कुठं गेले?"

"कापले."

"लग्नाचे पाट व्हते, करुणा."

"व्हय. अजून हायेत."

तुम्हाला राग येईल असं वाटलं होतं. तुम्ही खाली बसलात, बिजागरीवरून अंगठा फिरवला आणि म्हणालात, "स्क्रू तिरका बसलाय एक." मग खिशातल्या किल्लीनं तो सरळ करत बसलात. चांगला वेळ घेतलात. मी विचारलं, पत्रं वाचता का? म्हणालात, वाचतो. मग? मग तुम्ही स्क्रूकडं बघूनच बोललात.

"मला काय बी दिसलं नव्हतं त्या दिवशी. चष्मा आत्याकडं व्हता. मुंडावळ्या बांधताना काढून घेतला तिनं, फोटोत चांगला दिसत नाय म्हणून. तारे सोड, मला भटजीचं बोट दिसत नव्हतं."

"मग दिसला कशाला म्हणालात?"

"म्हणायचं असतंय म्हणले ना ते."

मी हसले. तुम्हीही हसलात, वर न बघता. वर्षभरात आपण एका जागी हसलो नव्हतो. मग तुम्ही उठलात आणि घरातून तांब्या घ्यायला खाली गेलात. मी बोल्टाला तेल घालत होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं तुम्ही परत वर आलात, तांब्या पोटाशी धरून, आणि जिन्याच्या दारातच थांबलात.

"तिला बी नाय पाहिलं मी."

मला आधी कळलंच नाही.

"सिस्टरनं कापड बाजूला केलं. म्हणली, बघून घ्या दादा. मामा म्हणले, बघ अन् चल लवकर. मी चष्मा काढून खिशात घातला. ह्या टायमाला कुनी काढून घेतला नाय, मीच काढला. माझ्याच्यानं बघणं व्हईना. मग ती म्हणली, पाहिलं का? मी म्हणलो, पाहिलं."

"आणि मला?"

"तुला बी तेच म्हणलो. एकदा म्हणून बसलो, मंग काय करायचं? तू रोज इचारायची कशी व्हती, कशी व्हती. मी काय सांगू? माझ्याकडं काय नव्हतंच."

टॉवरचा लाल दिवा लागला. खाली कुणाच्या तरी घरी पुरणाची डाळ शिजत होती, तिचा वास येत होता. मी विचारलं, काहीच नाही दिसलं? थोडंसुद्धा नाही?

"धुरकट." मग तुम्ही बराच वेळ डोळे मिटून उभे राहिलात. "डोक्याकडं काळं व्हतं. लई काळं. केस असतील."

"केस होते तिला?"

"व्हय. लई व्हते."

एवढं सांगून तुम्ही गेलात. तांब्या विसरून गेलात. कठड्यावर आहे, आज आईंनी गुढीला काय घातलं असेल कोण जाणे.

तुम्ही गेल्यावर मी रडले. सुरुवातीला काय होतंय ते समजलं नाही, छातीत उचकी अडकल्यासारखं झालं, म्हणून पाणी प्यायले. मग कळलं. सायली वर आली, माझ्या शेजारी पाटावर बसली. बिजागरी वाकेल म्हणून मी तिला रडता रडता उठवलं.

राग पण आलाय. तो लिहून ठेवते, कारण तो बऱ्याच दिवसांनी आलाय आणि मला तो गमवायचा नाही. मला वाटायचं तुमच्याकडं तिचं काहीतरी आहे आणि तुम्ही ते मला देत नाही. त्यावर मी दीड वर्ष जळत होते. आणि तुमचे हात रिकामेच होते. हे आधी सांगितलं असतंत तर आपण दोघं रिकाम्या हातानं एका घरात तरी बसलो असतो.

केस होते, हे मी आज सकाळपासून कितीदा म्हटलं त्याला हिशोब नाही. माझी आई म्हणते, मलाही जन्मतः होते.

करुणा


६ एप्रिल २०२५

गोकुळ,

आभाळ थांबलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अंधार पडल्या पडल्या बसले. नळीतून फिकट ध्रुव धरला. तुम्ही सरळ केलेला स्क्रू अजिबात हलला नाही, हे तुमच्या माहितीसाठी. मृग आता पश्चिमेला कलतोय, महिना-दीड महिन्यात संध्याकाळच्या उजेडात बुडेल, म्हणून घाई केली. एका हातानं बोल्ट फिरवत राहिले. तोंडानं आकडे मोजत होते, मग मोजता मोजता तुम्हाला शिव्या द्यायला लागले आणि आकडा चुकला. ते दोन फोटो वाया गेले. तिसऱ्यात ठिपके आले. शेवया नाहीत, नुसते ठिपके, मोहरीएवढे.

मृगाच्या कमरेच्या खाली तीन बारीक तारे आहेत. त्यांतला मधला आपल्या गच्चीवरून धुरकट दिसतो, तारा आहे की डोळ्यांत पाणी आलंय ते कळत नाही. फोटोत तो ढगासारखा आलाय, गुलाबी. तिथं नवे तारे तयार होतात म्हणे. तुम्ही 'धुरकट' म्हणालात म्हणून मी मुद्दाम त्याचाच काढला. डोळ्याला एका झटक्यात जे सापडत नाही ते कॅमेऱ्याला सापडलं, कारण तो तेवढा वेळ नजर न हलवता बघत राहिला. बाकी त्याच्यात काही हुशारी नाही.

चाचांना दाखवला. त्यांनी फोटो उलटा धरला, मग सुलटा धरला. म्हणाले, "ह्याच्यासाठी शादीचे पाट कापले?" मी म्हणाले, हो. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला खिळे मोजून दिले, आणि ते गेल्यावर म्हणाले, "एक कापी माझ्यासाठी बी काढ. गल्ल्यावर लावतो."

आता एकवीस तारखेचं. साहेब विचारतील, राजीखुशीनं का? आपल्याला असं उभं करून दोनदा विचारलं गेलं, आणि तुम्ही दोन्ही वेळा न बघता हो म्हणालात. एकदा मीही म्हणाले. यावेळी मी म्हणणार नाही. साहेबांना सांगणार आहे की मला अजून दिसत नाही, पुढची तारीख द्या. अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांपर्यंत थांबता येतं, हे मला टाईप करून करून पाठ झालंय. परत या, असं मी म्हणत नाही. तेही मला अजून दिसत नाही. तुम्हाला जे दिसेल ते तुम्ही सांगा. हो असेल तर हो सांगा, मी अडवणार नाही, पण बघून सांगा.

आणि तिला जिथं ठेवलं ती मामांच्या रानातली जागा मला दाखवा. परत चालत येताना तरी चष्मा लावला असेल ना? येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं फुलंब्रीला येते. तांब्याही आणते. आईंना सांगा, मी जेवायला थांबणार नाही, पण चहा घेईन.

फोटो सोबत आहे. मी दोन प्रती काढल्या, एक माझ्याकडं आहे. तुम्ही एकटे असाल तेव्हा उघडा.

चष्मा घालून बघा.

करुणा